माळावरची काठी

गेल्या वर्षी मार्चअखेरीस आजोळी गेले होते, तेव्हा तिथल्या माळावर मी एक काठी रोवली आणि तिच्या शेंड्याला माझा पांढरा रुमाल बांधला. कमरेएवढी बाभळीची वाळकी काठी. मुरमात ती सहजी जाईना म्हणून दगडाने ठोकली, बुडाशी चार धोंडे रचले, वाऱ्याने हलते का ते दोनदा पाहिलं. काम झाल्यावर जे समाधान वाटलं ते अजून आठवतं. काठीपासून चार पावलांवर, एका ढेकळाच्या आडोशाला, डोंबारी पक्ष्याची दोन अंडी होती. गुरांचा, गाडीचा, कुणाचाच पाय चुकून तिथे पडू नये, एवढंच मनात होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर घरट्याची वाटी रिकामी.

रुमाल तेवढा फडफडत होता.

डोंबारी पाहिला नाही असा माळाकडचा माणूस सापडायचा नाही, पण ओळखणारा क्वचितच. चिमणीपेक्षा किंचित बारका, चंडोलाच्या जातकुळीतला पक्षी. मादी तर चिमणीची मादीच वाटावी इतकी मातकट, साधी. तिच्यावरून नजर घसरून पुढे जाते. नर मात्र एकदा नीट पाहिला की विसरत नाही. डोकं राखी, गाल पांढुरके, डोळ्यातून गेलेला काळा पट्टा, आणि हनुवटीपासून शेपटीखालपर्यंत सगळं अंग काळंभोर. हरीण, ससा, मासा, बहुतेकांची पाठ गडद आणि पोट फिकट. याचं नेमकं उलट. लहानपणापासून मला वाटायचं, उजाड माळावर राहणाऱ्याने असं काळं पोट घेऊन कसं लपावं? उत्तर त्याला बसताना पाहिलं तेव्हा मिळालं. तो जमिनीला चिकटला की सगळा काळा रंग अंगाखाली जातो आणि वर उरते ती राखी-मातकट पाठ, म्हणजे माळच. पाय इतके आखूड की चालताना दिसत नाहीत. उंदीर पळावा तसा तो तुरूतुरू, वेडावाकडा जातो, थबकतो, परत जातो. चोच जाड, बी फोडायला घडवलेली. झाडावर सहसा बसत नाही. त्याचं सगळं जगणं भुईवर, आणि भुईवरून अंग उचलायचं ते थेट आकाशात.

आणि ते उचलणं असं, की नाव का पडलं हे विचारायची गरज राहू नये. आमच्या आजोळी पूर्वी डोंबारी यायचे. दोन बांबूंवर दोर ताणून ढोलकी सुरू झाली की मी आजीच्या पदरात तोंड घालायचे, कारण दोरावरची पोर माझ्याच वयाची असायची. ती पडेल ही भीती आणि ती पडत नाही हे आश्चर्य, दोन्ही एकाच वेळी छातीत असायचं. या पक्ष्याला उडताना पाहिलं की आजही तसंच होतं. नर पंख थरथरवत सरळ वर जातो, शंभर फूट, म्हणजे मान पूर्ण मागे टाकावी लागते इतका. तिथे क्षणभर थरथरत थांबतो. मग पंख अंगाशी मिटून घेतो आणि डोकं खाली करून दगडासारखा पडतो. पडताना एक लांबलचक, बारीक शीळ. थोडा खाली आला की त्याच वेगाने वळून परत काही हात वर, परत पंख मिटणं, परत शीळ, परत पडणं. पायऱ्या उतरत यावं तसा तो आकाश उतरतो. जमीन आता लागणारच असं वाटतं तेवढ्यात अंग आडवं करून एका ढेकळावर बसतो, काही झालंच नाही असा. ज्वारी काढायला बायका ओळीने वाकलेल्या असायच्या, वर ही शीळ चाललेली असायची, कुणी मान वर करत नसे. मी विचारलं तर आजी म्हणायची, "माळाची चिमणी हाय ती." तेवढंच. तिच्या हातात कणसांचा भार असायचा आणि मला उत्तर पुरायचं नाही.

गेल्या वर्षी शेवटी मी ते उत्तर शोधायला निघाले असं म्हणता येईल. चार दिवसांची सुट्टी, दुर्बीण, आणि सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातलं ते गाव, जिथे आता आमचं एक कुलूपबंद घर तेवढं आहे. ज्वारी निघून गेली होती. रानात धसकटं, बांधापलीकडे गायरानाचा माळ. वाळलेली कुसळी, अधूनमधून तरवड, एखादी बोराटी, बाकी मुरूम आणि गारगोट्या. मार्चमध्ये हा माळ पाहिला तर इथे काहीच नाही असंच कुणीही म्हणेल. पहिल्या सकाळी मी तासभर नराची कसरत पाहत बसले आणि मग त्याच्या खालच्या टापूत फिरू लागले. पायाजवळून, अगदी वीतभर अंतरावरून, मादी उडाली. ओरडली नाही. थोडं लांब जाऊन बसली आणि दिसेनाशी झाली. मी जिथे होते तिथेच थांबले. पाय उचलायची भीती वाटली. डोळ्यांनी हात-हातभर जमीन तपासत गेले आणि तरी दोनदा त्या वाटीवरून नजर गेली होती.

घरटं म्हणावं असं तिथे थोडंच होतं. एका ढेकळाच्या कुशीत उथळ खळगा, आत गवताच्या काड्या आणि मेंढराच्या केसांचं अस्तर, कडेने मुगाएवढ्या-हरभऱ्याएवढ्या खड्यांची ओळ. ते खडे पाहून मला गलबलून आलं. वारा अस्तर उडवून नेऊ नये म्हणून असेल, की खळग्याची कड ढासळू नये म्हणून, पण कुणीतरी चोचीने एकेक उचलून आणले होते, ज्याची चोच त्या खड्यापेक्षा फार मोठी नव्हती. अंडी दोन. बोरापेक्षा लहान, पिवळट पांढरी, त्यावर तपकिरी आणि फिकट जांभळे ठिपके. आजूबाजूच्या मातीवर जी ऊनसावली पडते तीच कवचावर उतरलेली. एरवी अंडी दोन किंवा तीन असतात, नर-मादी आळीपाळीने उबवतात, आणि तेरा-चौदा दिवसांत पिल्लं बाहेर येतात. चंडोलांची पिल्लं पुरतं उडता यायच्या आधीच घरट्यातून निघून गवतात पांगतात. एका जागी राहणं हाच भुईवर धोका असतो. हे सगळं मला माहीत होतं, वाचलेलं होतं. तरी त्या वाटीसमोर उकिडवी बसले तेव्हा माहीत असलेल्यातलं काही आठवलं नाही, फक्त पाहत राहिले.

माझं पाहणं संपेपर्यंत मादी परत आली नाही.

दुपारी बाभळीखाली बसून, पन्नास-साठ पावलांवरून दुर्बिणीने पाहिलं. उबवणं हा शब्द किती अपुरा आहे हे तेव्हा कळलं. मार्चअखेरीच्या भर दुपारी त्या भागात मुरमाला हात लावून पाहावा, चटका बसतो. अंड्यातल्या जिवाला अंगाएवढी ऊब लागते. त्याच्या वर चार अंश गेलं तरी तो आतल्या आत शिजतो. तेव्हा दुपारी त्या पक्ष्याचं काम ऊब देण्याचं नव्हतंच, सावली देण्याचं होतं. मादी अंड्यांवर बसली नव्हती, उभी होती. पंख किंचित सैल सोडलेले, चोच उघडी, गळा धापेने हलतोय. चिमणीएवढ्या देहाची सावली ती केवढी, पण ती बरोबर दोन अंड्यांवर पडत होती. मग नर आला, थोडा लांब उतरला, सरपटत वेडावाकडा जवळ आला आणि ती गेली, तो उभा राहिला. काळं पोट अंड्यांवर, राखी पाठ उन्हाकडे. त्या क्षणी मला सकाळचा माझा वेळ आठवला. मी वाटीसमोर बसले होते तेवढा सगळा वेळ अंडी उघडी होती. सकाळ होती, ऊन कोवळं होतं, असं मनाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी मात्र मी पुन्हा गेले, फोटोसाठी, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा, काठीसाठी. तीन दिवसांत माझ्या पायांची एक पुसट वाट तिथवर उमटली होती. माझ्या अंगाचा वास त्या मुरमावर असणार. तिसऱ्या दिवशी काठी ठोकत होते तेव्हा बाभळीवर एक कावळा होता. तो आठवतो, कारण तो बराच वेळ गप्प होता. कावळा गप्प बसला की लक्ष जायला हवं, पण मी माझ्या कामात होते.

अंडी कुणी नेली हे मी पाहिलं नाही. कावळा असेल, मुंगूस असेल, घोरपड असेल. खड्यांच्या ओळीतला एकच खडा हलला होता आणि अस्तरातून केसांची एक बट बाहेर लोंबत होती. कवचाचा तुकडासुद्धा नाही. भुईवरच्या घरट्यांतली बरीचशी अशीच जातात, हे खरं. माझ्याशिवायही गेली असती, हेही शक्य. पुढे कितीतरी दिवस मी हे स्वतःला सांगत राहिले आणि ते दर वेळी खरं वाटत राहिलं. पण त्याच्या मागोमाग ती काठी डोळ्यांपुढे यायची. ज्या जिवाने आपली सगळी ताकद दिसू नये यासाठी खर्चली, रंग, खडे, ढेकळाची कूस, न ओरडता उडून जाणं, त्याच्या घराशेजारी मी कमरेएवढी खूण उभी केली होती. पांढरी. मैलभरावरून दिसणारी.

आमच्याकडे टिटवीचं कौतुक फार. तिने अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस भरपूर, खोलगटात घातली तर ओढ, अंडी किती त्यावरून पावसाचे महिने किती, असं म्हणणारी म्हातारी माणसं अजून आहेत. नांगर धरणारे टिटवीच्या अंड्यांभोवती हातभर रान सोडून पुढे जायचे, हे मी स्वतः पाहिलंय. पण टिटवी ओरडते. जीव तोडून ओरडते, अंगावर येते, माणसाला भाग पाडते. डोंबारीला असं काही येत नाही. ती निघून जाते, आणि तुम्ही तिथे काय तुडवलंत ते तुम्हाला कधी कळतसुद्धा नाही. म्हणून तिच्या नावावर पावसाचा ठोकताळा नाही. आजीला तिचं नाव माहीत नव्हतं याचं मला लहानपणी आश्चर्य वाटायचं, आता वाटत नाही.

हे मी लिहिते आहे पण माळ न दिसण्यात मीही मागे नव्हते. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावण्याचा संकल्प झाला होता. त्या पावसाळ्यात आम्ही काही जण उत्साहाने रोपं घेऊन अशाच एका माळावर गेलो होतो. ओळीने खड्डे घेतले, ग्लिरिसिडिया, करंज, चिंच लावली, आळी केली, गाणी म्हटली. परतताना मागे वळून पाहिलं आणि वाटलं, रिकाम्या जागेचं सोनं केलं. रिकामी हाच शब्द माझ्या मनात होता. सरकारी नकाशांतही अशा कितीतरी माळांवर पडीक असाच शिक्का असतो. त्या दिवशी कुदळ मारताना पायाजवळून काही उडालं होतं का, हे आठवायचा मी खूप प्रयत्न केला. आठवत नाही. आठवत नाही म्हणजे उडालं नसेल असं नाही. झाड ही वाईट गोष्ट आहे असं कोण म्हणेल, बाभळीखाली बसूनच मी दुपार काढली. पण ज्याला चहूकडे लांबवर दिसलं तरच जगता येतं, त्याच्या माळावर ओळीने झाडं उभी राहिली की कावळ्याला, शिक्र्याला बसायला जागा होते. गवत सावलीने मरतं. डोंबारी तिथून उठून जातो, तक्रार न करता, आणि आपण म्हणतो, बघा, आता इथे पक्षी आलेत.

त्याच जिल्ह्यात नान्नजचा माळ आहे. माळढोकासाठी १९७९ साली तिथलं अभयारण्य झालं. माळढोकही भुईवरच अंडं घालतो, तेही बहुधा एकच. मीटरभर उंचीचा तो देखणा पक्षी आता देशभरात मिळून १५०च्या आसपास उरलाय, आणि आमच्या जिल्ह्यात तो दिसणं ही आता आठवणच होऊन बसली आहे. त्याच्या मानाने डोंबारीचं बरं चाललंय. हिमालयाच्या पायथ्यापासून श्रीलंकेपर्यंत आहे, या उपखंडाबाहेर कुठेच नाही, पण इथे अजून भरपूर आहे. हिवाळ्यात त्याचे थवे धसकटांवर उतरतात तेव्हा शेतातली ढेकळंच उडून परत बसल्यासारखी वाटतात. कुणी त्याला मोजायला येत नाही. यात दिलासा मानावा की काळजी करावी, माझं अजून ठरत नाही. भरपूर असतं तेव्हा माळढोकालाही कुणी मोजलं नव्हतं.

रिकामी वाटी पाहिली त्या सकाळी मी काठीपाशीच उभी होते तेव्हा मेंढरं आली. मागे मामा. नात्याचे नव्हेत, पण आजोळचे म्हणून मामा. घोंगडी खांद्यावर, दाढीची खुंटं पांढरी. "काय हुडकायलीस बाळ, कवाधरनं?" मी सांगितलं, अंडी होती, गेली, मी खूणसुद्धा केली होती. त्यांनी रुमालाकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "भुईची पाखरं ती. आपुन चालत गेलं की बसून ऱ्हात्यात, थांबलं की उठत्यात. त्यास्नी पायाचं भ्या न्हाई, थांबल्याचं भ्या हाय." मी विचारलं, मग तुमची मेंढरं? एवढी खुरं? "तुडवत्यात की कवाकवा," ते म्हणाले, "न्हाई म्हनून कसं चालंल." आणि जिभेने टक्-टक् करत पुढे निघाले. मेंढरं त्या ढेकळाच्या दोन्ही अंगांनी वाहत गेली. धूळ बसली तेव्हा खड्यांची ओळ तशीच होती, आत लेंडी पडलेली. मामा एकदाही थांबून वाकले नव्हते आणि तरी त्यांनी त्या पाखरांविषयी मला जे सांगितलं ते मी तीन दिवस गुडघ्यांवर बसून शिकले नव्हते.

मी मात्र त्या दिवशी काठी तशीच ठेवून आले. का, ते सांगता येत नाही. उपटायला हात गेला होता. उपटली तर सगळं मान्य केल्यासारखं होईल असं काहीतरी असावं.

यंदा फेब्रुवारी सरता सरता परत गेले. दुर्बीण नेली नाही. बांधावरूनच काठी दिसली. रुमालाची एक चिंधी उरली होती, मातीच्या रंगाची झालेली. काठीच्या शेंड्यावर एक खाटीक बसला होता, तोच तो, डोळ्यांवर काळी पट्टी असलेला, काट्याला शिकार टोचून ठेवणारा. मान इकडून तिकडे वळवत तो माळ न्याहाळत होता. काठीच्या अंगावरून विष्ठेचे पांढरे ओघळ सुकले होते, म्हणजे ही बसायची जागा आजची नव्हती. वर्षभर कुणी ना कुणी तिथून खालचा माळ पाहत असणार. त्या वाटीच्या इतक्या जवळ तेवढी एकच उंच जागा, आणि ती मी केलेली. मी जवळ गेले तसा तो उडून बोराटीवर बसला. धोंडे बाजूला केले, दोन्ही हातांनी काठी हलवून उपटली. मुरमात तिचं भोक राहिलं. टाचेने माती लोटून ते बुजवलं.

वर शीळ सुरू झाली होती. पहिली लांब, मग थोडी तोकडी, मग आणखी. मान वर केली नाही, डोळ्यांवर ऊन येत होतं, पण आवाजावरून तो किती पायऱ्या उतरला ते कळत होतं. निघाले. वीसेक पावलं गेले असेन, डाव्या पायाजवळून काहीतरी उठलं, अगदी जवळून, पंखांचा वारा लागावा इतक्या. छातीत धस्स झालं. पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते डोळ्यांनी एकदा पाहून घेतलं, आणि टाकलं. मग त्याच्या पुढचं. बांधापर्यंत आले तेव्हा हाताला मुंग्या आल्या होत्या, इतकी ती काठी मी घट्ट धरली होती.